६व्ही६ची प्लेट लाल होते आणि स्पीकर किंचाळतो: पहिल्या व्हॉल्व्ह गिटार अ‍ॅम्पबाबत सल्ला हवा

प्रश्न: सहा_तारा

नमस्कार. दिवाळीपासून मी एक लहान व्हॉल्व्ह गिटार अ‍ॅम्प्लिफायर (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा) बांधत असून तो आता अशा टप्प्यावर आला आहे की पुढचे पाऊल टाकायला भीती वाटते. आराखडा फेंडरच्या १९५०च्या दशकातील ‘चॅम्प’चा, म्हणजे ५एफ१ या क्रमांकाने ओळखला जाणारा आहे. त्यात सुरुवातीचा सिग्नल वाढवणारा एक १२एएक्स७, स्पीकर चालवणारा एक ६व्ही६ आणि रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा) म्हणून ५वाय३ असे तीनच व्हॉल्व्ह, आवाजाचे एकच बटण आणि जेमतेम पाच वॅटची ताकद. पहिल्या प्रयत्नासाठी याहून सोपे काही नाही असे सगळीकडे वाचले होते, आणि कागदावर ते तसे दिसतेही.

मूळ आराखड्यात मी एकच बदल केला. ५वाय३ परवडेल अशा किमतीत मिळेना, तेव्हा त्याच्या जागी दोन १एन४००७ डायोड लावले. दोन्ही ट्रान्सफॉर्मर पुण्यातच एका वाइंडरकडून गुंडाळून घेतले. मेन्स ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टला ३२५-०-३२५ (मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना ३२५) असा सांगितला होता, कारण जुन्या आराखड्यावर तोच आकडा छापलेला आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मर ५००० ओहमचा ८ ओहमला.

मल्टिमीटरने घेतलेली मोजमापे अशी: घरचा मेन्स २४० व्होल्ट, चालू केल्याबरोबर, व्हॉल्व्ह तापण्याआधी, पहिल्या फिल्टर कपॅसिटरवर (डीसी सपाट करणाऱ्या) ५०० व्होल्ट, व्हॉल्व्ह तापल्यावर तेथेच ४३०, ६व्ही६च्या प्लेटवर (इलेक्ट्रॉन झेलणारा पत्रा) ४१५, स्क्रीनवर (मधली जाळी) ३७०, कॅथोडवर (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) २२.५, हीटरला (कॅथोड तापवणारी तार) ६.९. कॅथोड रेझिस्टर आराखड्याप्रमाणे ४७० ओहमचाच आहे.

लक्षणे तीन आहेत. एक म्हणजे तीन-चार मिनिटांत ६व्ही६च्या प्लेटची कड अंधारात विझत्या निखाऱ्यासारखी लाल दिसू लागते. दुसरे म्हणजे व्हॉल्व्ह तापताक्षणी स्पीकर कर्कश किंचाळतो, आणि आवाजाचे बटण शून्यावर ठेवले तरी त्यात तसूभरही फरक पडत नाही. तिसरे, १२एएक्स७ काढून ठेवला की किंचाळणे थांबते, पण स्पीकरमध्ये घूं असा हम उरतो.

कॅथोड रेझिस्टर ४७० ऐवजी १००० ओहमचा केला तर प्लेट थंड होईल असे एका मित्राचे म्हणणे आहे. ते योग्य आहे का? शिवाय कपलिंग कपॅसिटर (एका टप्प्यातून पुढच्यात फक्त आवाजाचा सिग्नल जाऊ देणारे) मी साधेच वापरले आहेत. ते महागातले घेतले तर काही फरक पडेल का?

उत्तर: रेडिओकाका

पहिल्यांदा मेन्सची पिन काढा, आणि हे उत्तर पूर्ण वाचून होईपर्यंत ती पुन्हा लावू नका.

तुमचा ६व्ही६ बिघडलेला नाही, तो फेकू नका. कॅथोडवर २२.५ व्होल्ट आणि रेझिस्टर ४७० ओहम, म्हणजे व्हॉल्व्हमधून एकूण ४८ मिलिअँपिअर वाहत आहेत. त्यातले चारेक स्क्रीनचे वजा केले तर प्लेटच्या वाट्याला ४४ येतात. प्लेट आणि कॅथोड यांच्यातील अंतर ३९२ व्होल्ट. गुणाकार करा: सतरा वॅटच्या वर जातो. जुन्या तक्त्यांत ६व्ही६च्या प्लेटची मर्यादा १२ वॅट दिलेली आहे आणि नंतरच्या, जरा सढळ पद्धतीच्या तक्त्यांत १४. दीडपट ओझे डोक्यावर दिल्यावर कोणाचाही चेहरा लाल होणारच.

हे ओझे आले कोठून, ते पाहा. २२० व्होल्टसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर तुम्ही २४० वर चालवता, त्यामुळे ३२५चे सुमारे ३५५ होतात. त्याला १.४१ ने गुणले की ५०० येतात, आणि हाच आकडा तुम्हाला सुरुवातीला दिसतो. वाइंडरने तुम्ही मागितले तेच दिले आहे, त्याच्यावर रागावू नका. मूळ अ‍ॅम्पमध्ये ५वाय३ हा व्हॉल्व्ह स्वतःच पन्नास-साठ व्होल्ट खाऊन टाकतो, आणि ते गृहीत धरूनच ३२५ हा आकडा ठरलेला आहे. डायोड एक व्होल्टदेखील धड खात नाही. जुना आराखडा गोधडीसारखा असतो. त्यातला एकच तुकडा बदलतो आहोत असे आपल्याला वाटते, पण टाके सगळ्यांचे एकमेकांत गुंतलेले असतात.

लाल प्लेटपेक्षा मला दुसऱ्या दोन गोष्टींची जास्त काळजी वाटते. तुमच्या फिल्टर कपॅसिटरवर बहुधा ४५० व्होल्ट छापलेले असेल, आणि प्रत्येक वेळी बटण दाबल्यावर पहिली दहा-पंधरा सेकंदे त्यांवर ५०० पडतात. ते आज फुटले नाहीत म्हणून उद्या फुटणार नाहीत असे नाही. दुसरी गोष्ट डायोडची. मध्यबिंदू जमिनीला असलेल्या अशा वाइंडिंगमध्ये एक डायोड चालू असतो तेव्हा दुसऱ्याच्या एका टोकाला कपॅसिटरचे अधिक ५०० आणि दुसऱ्या टोकाला वाइंडिंगचे उणे ५०० असतात, म्हणजे त्याला उलट्या दिशेने हजार व्होल्ट सोसावे लागतात. १एन४००७ची मर्यादा बरोबर हजार आहे. रात्री उशिरा, परिसरातले पंपबिंप बंद झाल्यावर मेन्स २५० वर गेला की ती मर्यादाही ओलांडली जाते.

म्हणून मित्राचा सल्ला अर्धाच बरोबर आहे. कॅथोडला १००० ओहम लावल्यास प्रवाह कमी होऊन प्लेट थंड होईल हे खरे, पण प्रवाह कमी झाला की ट्रान्सफॉर्मरवरचा भार हलका होऊन मुख्य व्होल्टेज आणखी वर सरकेल, आणि कपॅसिटर व डायोड जिथे आहेत तिथेच, किंबहुना थोड्या अधिक अडचणीत राहतील. ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर बदलण्यासारखे ते आहे.

मेन्स ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घ्या. प्रायमरीला, म्हणजे आत येणाऱ्या बाजूच्या वाइंडिंगला, २२०, २३० आणि २४० असे तीन टॅप (जोडणीची टोके) मागा. डायोडच वापरायचे असतील तर सेकंडरी, म्हणजे बाहेर जाणाऱ्या बाजूचे वाइंडिंग, २७५-०-२७५ पुरे. त्याचे विनाभार ३८९ व्होल्ट होतील, जे ४५०च्या कपॅसिटरला आणि हजारच्या डायोडला आरामात झेपतील, आणि भारावर साधारण ३४० मिळतील. सावधगिरी म्हणून प्रत्येक बाजूला दोन-दोन डायोड एकापुढे एक लावा, दोन रुपयांचा प्रश्न आहे. हीटरसाठी ६.३ व्होल्ट, २ अँपिअर मागा. ६व्ही६ ०.४५ आणि १२एएक्स७ ०.३ अँपिअर घेतो, तेव्हा गरज पाऊण अँपिअरचीच आहे. पण वाइंडिंग गार राहिलेले बरे. सध्याचे ६.९ हे दहा टक्क्यांच्या सवलतीच्या अगदी काठावर आहेत.

आता आउटपुट ट्रान्सफॉर्मर, कारण इथेच आपल्याकडचे बहुतेक पहिले अ‍ॅम्प फसतात. एकट्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये या ट्रान्सफॉर्मरमधून ४० मिलिअँपिअरच्या आसपास एकाच दिशेचा प्रवाह सतत वाहतो, आणि तो गाभ्याला चुंबकीयदृष्ट्या एका बाजूला ओढून धरतो. त्यासाठी गाभ्यात मुद्दाम फट ठेवावी लागते: सगळ्या ‘ई’ स्टॅम्पिंग एका बाजूने, सगळ्या ‘आय’ दुसऱ्या बाजूने आणि मध्ये कागद. मेन्सचे ट्रान्सफॉर्मर करणारा कारागीर सवयीने एक ‘ई’ डावीकडून, एक उजवीकडून अशा गुंफून भरतो, आणि त्याच्या कामात ते योग्यही असते. इथे मात्र गाभा संपृक्त होतो (आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही) आणि जाड तारांचा आवाज पोकळ येतो. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर वाजते. तेवढ्या खाली ५००० ओहमचा भार टिकवायचा असेल तर प्रायमरीचे इंडक्टन्स दहा हेन्रीच्या आसपास तरी हवे. वाइंडरला फटीबद्दल स्पष्ट विचारा.

गुणोत्तर घरी तपासता येते. ५०००ला ८ने भागून वर्गमूळ काढले की २५ येते. आउटपुट ट्रान्सफॉर्मर पूर्ण सुटा करून त्याच्या सेकंडरीला हीटरचे ६.३ व्होल्ट दिले तर प्रायमरीवर १५७च्या आसपास मिळायला हवेत. लहान व्होल्टेज दिले आहे या समजुतीत दुसऱ्या टोकाला हात लावू नका.

कपलिंग कपॅसिटर साधेच राहू द्या. त्यावर खर्च करायचे पैसे ट्रान्सफॉर्मरवर करा.

उत्तर: मंद्रसप्तक

काकांनी व्होल्टेजचे सर्व सांगितलेच आहे. किंचाळण्याचे कारण मात्र वेगळे असून ते तुमच्याच वर्णनात लपलेले आहे.

५एफ१मध्ये स्पीकरच्या टोकापासून २२ किलोओहमचा एक रेझिस्टर मागे येऊन १२एएक्स७च्या दुसऱ्या ट्रायोडच्या (त्या एका नळीत दोन स्वतंत्र व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रायोड, असतात) कॅथोडला मिळतो. बाहेर गेलेल्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून आत आणायचा, म्हणजे विकृती आणि हम दोन्ही आटोक्यात राहतात, हा त्याचा हेतू. परंतु आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या एका वाइंडिंगची दोन टोके अदलाबदल होऊन जोडली गेली तर तोच अंश उलटा न येता सुलटा येतो आणि अ‍ॅम्प स्वतःचीच शेपटी पकडून गोल फिरू लागतो. आवाजाचे बटण पहिल्या आणि दुसऱ्या ट्रायोडच्या मध्ये असते, तर हे वर्तुळ दुसऱ्या ट्रायोडपासून पुढे सुरू होते. म्हणून बटण शून्यावर ठेवूनही काही फरक पडत नाही, आणि १२एएक्स७ काढताच वर्तुळ तुटून शांतता होते.

खात्री करण्यासाठी त्या २२ किलोओहमच्या रेझिस्टरचे एक टोक डाख वितळवून मोकळे करा. किंचाळणे थांबले तर निदान पक्के. मग सेकंडरीची दोन टोके बदला. जे टोक जमिनीला होते ते स्पीकरकडे, आणि स्पीकरचे जमिनीला. प्रायमरीची टोके बदलूनही तेच साधते, पण तिथे चारशे व्होल्ट असतात, मग उगाच तिकडे कशाला जायचे? या सगळ्या खटाटोपात स्पीकर सुटा ठेवून अ‍ॅम्प चालू करू नका. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला स्पीकर नसला तर तो गप्प बसतो. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये मात्र प्रायमरीवर एवढे व्होल्टेज उसळू शकते की आत ठिणगी पडून वाइंडिंग जळते.

हमबद्दल: १२एएक्स७ काढल्यावरही तो राहतो, म्हणजे त्याचा उगम पुढच्या भागात आहे. दोन व्हॉल्व्ह ओढाताण करतात त्या पुश-पुल अ‍ॅम्पमध्ये पुरवठ्यातली लहर (डीसीवर उरलेला चढउतार) आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्येच बरीचशी कटते, एकट्या व्हॉल्व्हला ती सोय नाही. शिवाय आराखडा अमेरिकेच्या ६० हर्ट्झचा आहे. तेथे लहर १२० हर्ट्झची, आपल्याकडे १००ची, म्हणजे आराखड्यातल्या तेवढ्याच १६ मायक्रोफॅरडवर ती वीस टक्के अधिक उरते. तुम्ही डायोड वापरत आहात, तेव्हा पहिला कपॅसिटर ४७ मायक्रोफॅरडचा करण्यास हरकत नाही. ५वाय३ असता तर हे सुचवले नसते, कारण एवढा मोठा पहिला कपॅसिटर त्याला सोसवत नाही.

हीटरचे एक टोक चासीला (धातूच्या सांगाड्याला) जोडले असेल तर तेही काढा. दोन्ही टोकांपासून १००-१०० ओहमचे रेझिस्टर एकत्र आणून तो मध्यबिंदू ६व्ही६च्या कॅथोडला द्या, आणि हीटरच्या तारा एकमेकींना घट्ट पिळून चासीच्या कोपऱ्यातून न्या.

उत्तर: देवगड_हापूस

विषय थोडा बाजूला जाईल, पण ६व्ही६ आणि ५वाय३ यांच्या मागे धावण्याऐवजी जुन्या रेडिओतला ईएल८४ हा व्हॉल्व्ह का वापरू नये? आमच्या आजोबांच्या रेडिओतला भारत इलेक्ट्रॉनिक्सचा ईएल८४ आजही ठणठणीत आहे. त्याला २५० व्होल्टच पुरतात, कॅथोडला १३५ ओहम लागतो, आणि पाच-साडेपाच वॅट मिळतात. रेडिओचाच मेन्स ट्रान्सफॉर्मर, त्यातलाच ईझेड८० रेक्टिफायर, फक्त १२एएक्स७ची भर.

उत्तर: रेडिओकाका

देवगडकर, सूचना उत्तम आहे आणि मी स्वतः असे दोन अ‍ॅम्प केले आहेत. वाचणाऱ्या सर्वांसाठी एक इशारा मात्र जोडतो. रेडिओ उघडल्यावर व्हॉल्व्हच्या नावाचे पहिले अक्षर वाचा. ‘ई’ असेल तर हीटर ६.३ व्होल्टचा आणि सोबत बहुधा ट्रान्सफॉर्मर. ‘यू’ असेल, म्हणजे यूसीएल८२ वगैरे, तर हीटर एकापाठोपाठ एक माळेत जोडलेले असतात, अशा बहुतेक संचांत मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतोच आणि चासी थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते. लाकडी पेटीत बंद असलेल्या रेडिओला ते खपून जाई. गिटारच्या तारा मात्र केबलच्या जाळीतून चासीलाच जोडलेल्या असतात. ‘यू’वाल्या रेडिओचा गिटार अ‍ॅम्प करू नये, विषय संपला.

आणि सहा_तारा, तुमच्या लिहिण्यात दोन गोष्टींचा उल्लेख नाही म्हणून विचारतो. तीन पिनांची वायर लावून चासीला अर्थिंग केले आहे ना? आणि पहिल्या कपॅसिटरवर रिकामा करणारा रेझिस्टर आहे का? २२० किलोओहम, २ वॅटचा एक तिथे कायमचा लावून टाका. पिन काढल्यावर पाव-अर्ध्या मिनिटात व्होल्टेज पन्नासच्या खाली येते. तरीही दर वेळी मीटर लावून पाहायचे, आणि चालू अ‍ॅम्पमध्ये मोजताना डावा हात खिशात ठेवायचा. पहिली चाचणी सिरीज बल्बवर घ्या. ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब मेन्सच्या वाटेत आला की आत काही चुकलेले असल्यास बल्ब लख्ख पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. एलईडी बल्ब यासाठी चालत नाही.

उत्तर: सहा_तारा

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण वाइंडरकडे दोन खेपा झाल्या.

किंचाळणे अक्षरशः पाच मिनिटांत सुटले. २२ किलोओहमचे टोक मोकळे करताच शांतता, आणि सेकंडरीची टोके बदलून ते पुन्हा जोडल्यावरही शांतताच. दोन महिने मी त्या आवाजापायी प्रत्येक डाख पुन्हा पुन्हा तपासत होतो.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरबाबत काकांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. वाइंडरने तो माझ्यासमोरच उघडला. व्हार्निशने चिकटलेल्या स्टॅम्पिंग पातळ सुरीने एकेक सोडवल्या, आणि त्या गुंफूनच भरलेल्या होत्या. फट ठेवायची असे सांगितल्यावर त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, “मग आधी बोलायचे ना, चोकला ठेवतो तशी,” असे म्हणाले, सगळ्या ‘ई’ एका दिशेने रचल्या आणि भिंतीवरच्या गेल्या वर्षीच्या दिनदर्शिकेचे पान फाडून त्याची पट्टी मध्ये ठेवली. गुणोत्तर मोजले: ६.३ दिल्यावर १५५ व्होल्ट.

नव्या मेन्स ट्रान्सफॉर्मरने पहिल्या कपॅसिटरवर ३४२ व्होल्ट मिळतात, प्लेटवर ३३०, कॅथोडवर १७.२. म्हणजे एकूण साडेछत्तीस मिलिअँपिअर, स्क्रीनचे तीन वजा करून प्लेटचे साडेदहा वॅट. खोलीतला दिवा घालवून अर्धा तास पाहत बसलो, कड काळीच राहिली. हीटरला ६.३. अर्थिंग आधीपासून होते, रेझिस्टर मात्र नव्हता, तो लावला. सिरीज बल्ब क्षणभर उजळून मंदावला.

जाड तारेचा आवाज आता छातीत जाणवतो. बटण अर्ध्यावर असेपर्यंत स्वर स्वच्छ राहतो आणि पुढे नेले की तार जोरात छेडल्यावर त्याला खरखरीत धार येते. हळू छेडले की ती पुन्हा नाहीशी होते. पाच वॅट म्हणून हसणारे शेजारी आता हसत नाहीत.

एकच तक्रार उरली आहे. हीटरचे सुचवल्याप्रमाणे केले, ४७ मायक्रोफॅरडही लावला, तरी बारीक हम आहे आणि तो बटणाने बदलत नाही. पूर्वीपेक्षा तो खालच्या पट्टीत, ५० हर्ट्झचा वाटतो. दोन्ही ट्रान्सफॉर्मर शेजारी-शेजारी, एकाच दिशेने बसवले आहेत.

उत्तर: मंद्रसप्तक

शेवटच्या वाक्यात उत्तर आहे. ५० हर्ट्झ म्हणजे पुरवठ्यातली लहर नव्हे. मेन्स ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र थेट आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरत आहे. पिन काढा, कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करा, दोन्ही व्हॉल्व्ह काढा आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या चारही तारा सोडवून तो चासीवरून मोकळा करा. त्याच्या सेकंडरीला हेडफोन जोडा, प्रायमरी मोकळी पण टोके टेपने झाकलेली ठेवा, आणि चासी झाकून फक्त मेन्स ट्रान्सफॉर्मर चालू करा. आता आउटपुट ट्रान्सफॉर्मर हातात धरून सावकाश फिरवत राहा. एका कोनात आवाज जवळजवळ नाहीसा होतो. तिथे पेन्सिलने खूण करा.

उत्तर: सहा_तारा

काल रात्री केले. शांत जागा काटकोनात मिळेल असे वाटले होते, पण ती दहा-बारा अंश पुढे आणि दोन बोटे डावीकडे निघाली. आता ट्रान्सफॉर्मर चासीवर जरा तिरकाच बसला आहे आणि जुनी दोन भोके रबरी ग्रोमेट लावून बुजवली आहेत. हम ऐकायचा तर स्पीकरच्या जाळीला कान लावावा लागतो.